बढतीचं पत्र हातात पडलं, आता पुढे? नव्या सुपरवायझर आणि टीम लीडरचे नेहमीचे प्रश्न

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने आणि आयटी पार्क एकमेकांना खेटून उभे आहेत. रबाळ्याच्या एमआयडीसीत शिफ्ट इनचार्ज झालेला मुलगा आणि ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत टीम लीड झालेली मुलगी एकाच लोकलने ये-जा करतात. बढतीनंतर दोघांना पडणारे प्रश्नही जवळजवळ सारखेच असतात. मनुष्यबळ विभागात काम करताना आणि पुढे नव्या सुपरवायझरांचे वर्ग घेताना हे प्रश्न मला सतत विचारले गेले. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. बढतीनंतरच्या अडचणींच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा एखादं वेळेवर न झालेलं बोलणं सापडतं, असं माझं मत बनलं आहे. म्हणून बऱ्याच उत्तरांत 'जाऊन बोला' असंच सांगितलंय. कोणाशी, कधी आणि कोणत्या शब्दांत, ते मात्र दर वेळी वेगळं आहे.

घरी सगळे खूश आहेत, पण मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटते. माझं काही चुकतंय का?

अजिबात नाही. चांगला वेल्डर, चांगली टेस्टर, चांगला अकाउंटंट हे आपापल्या हातातल्या कामावर ओळखले जातात. त्याच कामामुळे तुम्हाला बढती मिळाली. आता मात्र तुमचं मोजमाप दुसऱ्यांच्या हातून होणाऱ्या कामावरून होणार, आणि ते काम कसं करवून घ्यायचं हे शिकवायला सहसा कोणी बसत नाही. शुक्रवारी पेढे वाटले, सोमवारी खुर्ची बदलली, एवढीच तयारी बहुतेक ठिकाणी होते. धास्ती वाटते, कारण जबाबदारी केवढी आहे ते तुम्हाला कळलंय. ज्यांना काहीच वाटत नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

सगळे पार्टी मागताहेत. द्यावी का?

पेढे द्या आणि सगळ्यांना द्या. हाउसकीपिंगच्या मावशी, गेटवरचे सिक्युरिटीवाले, कँटीनमधला मुलगा, कोणी सुटू नये. दुसऱ्या शिफ्टलाही विसरू नका. रात्रीची 'बसायची' पार्टी मात्र टाळावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे कोण आलं, कोण काय बोललं याची चर्चा महिनाभर चालते, आणि ज्यांना बोलावलं नाही ते पहिल्याच आठवड्यात स्वतःला परके समजायला लागतात.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात आधी काय करू?

टीमची मीटिंग नंतर घ्या. आधी तुमच्या साहेबांकडे किंवा मॅडमकडे अर्धा तास मागा आणि आपले अधिकार कुठपर्यंत आहेत ते विचारून घ्या. रजा मी मंजूर करायची की तुम्ही? ओव्हरटाइमच्या कागदावर माझी सही चालेल का? किरकोळ खरेदी किती रुपयांपर्यंत मी परस्पर करू शकतो? अप्रेझलचे मार्क कोण देणार? कोणी न सांगता दांडी मारली तर मेमो कोणाच्या नावाने निघेल?

आणि यातला सगळ्यात अवघड प्रश्न: माझ्या टीममधला माणूस मला वगळून थेट तुमच्याकडे आला, तर तुम्ही त्याला काय सांगाल? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तरीही विचाराच. असं वारंवार घडतं, की नवा सुपरवायझर शिफ्टला माणसं कमी आहेत म्हणून रजा नाकारतो, ऑपरेटर वर जाऊन मॅनेजरना भेटतो आणि जुन्या ओळखीवर रजा घेऊन खाली येतो. मॅनेजरच्या मनात काही वाईट नसतं, त्यांना वर्षानुवर्षांची सवय असते. पण त्या दिवसापासून अख्ख्या शिफ्टला कळतं की रजा कोणाकडे मागायची. पहिल्याच आठवड्यात 'साहेब, असं कोणी आलं तर तुम्ही फक्त "आधी इनचार्जशी बोल" एवढं म्हणा' अशी विनंती करून ठेवली, तर पुढचं बरंच काही टळतं. बोलणं झाल्यावर 'काल ठरलं त्याप्रमाणे' अशी सुरुवात करून चार ओळींचा मेल पाठवून ठेवा.

त्यानंतर टीममधल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोला. काय बदलायला हवं हे सगळेच विचारतात. तुम्ही 'काय बदलू नये असं वाटतं?' हेही विचारा. या प्रश्नाला लोक मनापासून उत्तर देतात. सुरक्षेचा मामला सोडला, तर पहिला महिना मोठा बदल करू नका.

कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांनाच आता काम सांगायचं. मैत्री टिकवू की शिस्त?

हा प्रश्न विचारताना माणसं खरोखर हळवी होतात, आणि ते योग्यच आहे. ठाण्याहून रोज त्याच डब्यात एकमेकांची जागा धरणारी, एकमेकांच्या घरच्या लग्नात राबलेली ही माणसं असतात. बढतीच्या पत्राने ती मैत्री रद्द होत नाही, आणि होऊही नये.

दोन टोकं टाळायची. एक म्हणजे एका रात्रीत साहेब होणं: डबा केबिनमध्ये मागवणं, ग्रुपमधून न सांगता बाहेर पडणं, हाक मारली तर मान न वळवणं. दुसरं म्हणजे काहीच बदललं नाही असं दाखवणं. दुसरं टोक जास्त फसवं असतं, कारण सुरुवातीला ते सगळ्यांनाच आवडतं. मग एके दिवशी मित्राला कमी मार्क द्यायची वेळ येते आणि त्याला वाटतं, आपला विश्वासघात झाला.

म्हणून जवळच्या दोघा-तिघांशी पहिल्याच आठवड्यात वेगळं बोला. मीटिंग रूममध्ये नको, स्टेशनकडे चालत जाताना बोललात तरी चालेल. शब्द साधे असू देत: 'हे बघ, आपलं जे आहे ते आहेच. पण आता काही गोष्टी मला कळतील त्या मी तुला सांगू शकणार नाही. तुझी रजा, तुझे मार्क इतरांच्या मापानेच होतील. कधी राग आला तर मला तोंडावर सांग, बाहेरून कळू देऊ नकोस.' एवढं बोलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ऐकणारा गप्प होतो, मग बहुधा 'चल, चहा पाज' म्हणतो. हे न बोलता वर्ष गेलं, तर तेच बोलणं पुढे भांडणात होतं.

डबा एकत्र खायला काहीच हरकत नाही. फक्त रोज त्याच तिघांबरोबर नको. आठवड्यातून एक-दोन दिवस दुसऱ्या टेबलावर बसा. व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या ग्रुपबद्दल विचाराल, तर त्यांना तुमच्याशिवाय एक ग्रुप लागणार, हे मनापासून मान्य करा. साहेबांबद्दल बोलायला माणसांना जागा हवी असते. नवा ग्रुप निघाला तर चौकशी करू नका, आणि त्यात काय चाललंय हे सांगणारा माणूस तर मुळीच ठेवू नका.

लोक मला 'अरे' म्हणतात. आता 'सर' म्हणायला लावावं का?

लावू नका. ज्यांच्याशी अरे-तुरे होतं त्यांच्याशी ते राहू दे. मान हाकेतून मिळवायचा नसतो, निर्णय वेळेवर आणि सगळ्यांना सारखा दिला की तो येतोच. बाहेरचे ग्राहक किंवा ऑडिटर समोर असताना मात्र दोन्ही बाजूंनी 'अहो' बरं दिसतं, आणि ते आधी हसत-खेळत सांगून ठेवता येतं. उलट्या बाजूची काळजी जास्त घ्या. ज्यांना काल 'अहो' म्हणत होतात, त्यांना आज 'अरे' म्हणू नका. हे फार जिव्हारी लागतं आणि कोणी बोलून दाखवत नाही.

याच पदासाठी जो माझ्याबरोबर होता, त्याला डावललं गेलं. तो आता माझ्याच टीममध्ये आहे.

त्याच्याशी सगळ्यांच्या आधी बोला. 'मला माहीत आहे, तुझीही अपेक्षा होती, आणि ती रास्त होती' हे वाक्य खोटं नसेल तर जरूर म्हणा. त्यापुढे सांत्वन करू नका आणि 'पुढच्या वेळी तुझाच नंबर' असा शब्द तर मुळीच देऊ नका, कारण तो तुमच्या हातात नाही. त्याला थोडे दिवस रागावू द्या. दरम्यान त्याच्या जमेच्या बाजूचं एखादं खरंखुरं काम त्याच्याकडे पूर्णपणे सोपवा, अधिकारासकट. नुसतं नाव देऊन गप्प बसवलेलं त्याला लगेच कळेल. दोन-तीन महिन्यांनंतरही तो कामात अडथळे आणत असेल, तर मग दुखावलेपणाचं कारण पुरत नाही. काय चाललंय आणि काय चालणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागेल.

टीममधले काका माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. त्यांना सूचना कशी द्यायची?

काका म्हणा, अहो-जाहो करा आणि सूचना मात्र पूर्ण द्या. 'काका, तुम्हाला मी काय सांगणार' अशी सुरुवात करून सूचना गिळून टाकणारे नवे सुपरवायझर मी पुष्कळ पाहिले. त्याने काकांचा मान राहत नाही, उलट त्यांना कामातून वगळल्यासारखं होतं. त्यांच्या अनुभवाचं काम त्यांना चारचौघांत विचारा. 'हा पंप मागे असाच आवाज करत होता तेव्हा काय निघालं होतं?' असं विचारलं की माणूस खुलतो. चूक दाखवायची असेल तर बाजूला घेऊन, बसून आणि एकदाच. आणि नवीन सॉफ्टवेअर किंवा टॅबवरची नोंद त्यांना जमत नसेल तर तरुण पोरासमोर शिकवू नका. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं तुम्ही स्वतः शेजारी बसा.

माझ्या हातचं काम सोडवत नाही. दुसऱ्याला समजावण्यापेक्षा स्वतः केलेलं पटकन होतं.

पहिल्या वेळी ते खरंच पटकन होतं. पाचव्या वेळी होत नाही.

महाप्याच्या एका मशीन शॉपमध्ये पाहिलेलं सांगते. सीएनसीवर टर्निंगचा जॉब चालू होता. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत आला की पीसचा व्यास हळूहळू वाढत जातो, तसा तो वरच्या मर्यादेकडे सरकत होता. ऑपरेटर मायक्रोमीटर हातात धरून विचार करत उभा होता. नव्या सुपरवायझरने लांबून पाहिलं, चार ढांगांत मशीनपाशी आला, त्याला बाजूला सारून पॅनेलवर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढणारा आकडा, बदलला. पुढचा पीस अचूक मापात आला. सगळं मिनिटभरात झालं. ऑपरेटर हात मागे बांधून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तोच जॉब पुन्हा सरकला, तेव्हा त्याने मशीन बंद केलं आणि 'साहेबांना बोलवा' असा निरोप पाठवला. साहेब स्टोअरमध्ये होते. ते येईपर्यंत मशीन तसंच उभं.

ऑपरेटर कामचुकार नव्हता. आदल्या दिवशी त्याला जे शिकवलं गेलं, तेच त्याने केलं. त्या मिनिटात सुपरवायझरने शेजारी उभं राहून 'किती द्यावा लागेल असं वाटतं?' एवढंच विचारायला हवं होतं. त्याने आकडा सांगितला असता, बरोबर असेल तर त्यानेच टाकला असता, पुढचा पीस दोघांनी मिळून मोजला असता. पाच मिनिटं गेली असती, पण पुढचे कित्येक फेरे वाचले असते.

आयटीत आणि ऑफिसात हीच गोष्ट रिपोर्टची होते. ग्राहकाला जाणारा आठवड्याचा रिपोर्ट टीम लीड स्वतः रात्री बसून दुरुस्त करते, टीमला तो दुरुस्त झाल्याचं कळतही नाही आणि पुढच्या आठवड्यात त्याच चुका येतात. दुरुस्ती करू नका. खुणा करून परत पाठवा, कारण लिहा, आणि त्यासाठी मुदत एक दिवस आधीची ठेवा.

काम सोपवताना काय हवं, कधी हवं आणि कुठे अडलं तर विचारायचं, एवढं स्पष्ट सांगा. कसं करायचं ते त्याच्यावर सोडा. काही गोष्टी मात्र कधीच सोपवायच्या नसतात: मार्क, ताकीद, आणि कोणाच्या घरी दुःखद प्रसंग झाला तर भेटायला जाणं.

चूक दाखवली की लोक दुखावतात. काय करू?

चूक सांगताना माणसाच्या स्वभावावर जाऊ नका. 'तू बेजबाबदार आहेस' यावर तो फक्त भांडू शकतो. 'मंगळवारी आणि गुरुवारी हँडओव्हर रजिस्टर कोरं होतं, त्यामुळे रात्रीच्या शिफ्टला टाकीची पातळी कळली नाही' यावर तो काहीतरी करू शकतो. दिवस, घटना, परिणाम, आणि मग 'काय झालं होतं?' हा प्रश्न. उत्तर खरोखर ऐका. कधी कधी रजिस्टरच कोणाच्या तरी कपाटात कुलूपबंद असतं.

कौतुक चारचौघांत, कानउघाडणी एकट्याला, हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव घेऊन झापणं सर्रास चालतं. ते आजच बंद करा.

वरून टार्गेटचा तगादा, खालून तक्रारी. मी दोन्हीकडून कात्रीत सापडलोय.

मधल्या माणसाला हे चुकत नाही. फक्त दोन सवयी लावून घेऊ नका. वरचा दबाव जसाच्या तसा खाली ओतायचा नाही, आणि 'मी काय करू, साहेबांनीच सांगितलंय' असं म्हणून टीमसमोर हात झटकायचे नाहीत. निर्णय पटला नसेल तर तो वर, बंद दाराआड भांडून घ्या. एकदा ठरलं की खाली तो तुमचा निर्णय म्हणून सांगा.

वर जाताना नुसती 'जमणार नाही' अशी तक्रार घेऊन जाऊ नका. 'दोन माणसं सुट्टीवर आहेत, शनिवारपर्यंत तीनपैकी दोन ऑर्डर निघतील, तिसरी मंगळवारी; किंवा ओव्हरटाइम मंजूर केला तर तिन्ही निघतील, काय करू?' असं विचारा. निवड त्यांच्यासमोर ठेवली की बहुतेक वरिष्ठ निवड करतात. काही जण तरीही 'सगळं पाहिजे' म्हणतात. तेव्हा तुमचा अंदाज मेलवर लिहून ठेवा आणि जमेल तेवढं प्रामाणिकपणे करा. माणसांना सलग दोन शिफ्ट उभं करून आकडा गाठू नका.

केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट इनचार्ज झालोय. वर्क परमिटवर आता माझी सही लागते. काय लक्षात ठेवू?

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं, आणि विचारतात मात्र थोडेच. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीच्या, पट्ट्यात रासायनिक कारखाने पुष्कळ आहेत. वेल्डिंग-कटिंगसारखं हॉट वर्क किंवा टाकीत, चेंबरमध्ये उतरण्याचं काम परमिटशिवाय, म्हणजे धोक्याच्या कामाच्या लेखी परवानगीशिवाय, होत नाही. कंत्राटदाराचा माणूस टेबलावर कागद ठेवतो, 'साहेब, फक्त सही' म्हणतो, लाइन थांबलेली असते आणि उत्पादनवाले घाई करत असतात.

जागेवर गेल्याशिवाय सही करायची नाही. कितीही घाई असू दे, जिना चढून जा आणि डोळ्यांनी बघा. टाकीत माणूस उतरणार असेल तर पाइपलाइन बंद करून ब्लाइंड, म्हणजे पाइप अडवणारी बंद चकती, टाकलंय का? स्टररचा (टाकीतल्या ढवळणीचा) वीजपुरवठा तोडून कुलूप लावलंय का? आत ऑक्सिजन मोजलाय का आणि तो किमान १९.५ टक्के भरतो का? ज्वालाग्राही आणि विषारी वायूंची तपासणी झाली का? तोंडाशी राखण करणारा माणूस उभा आहे का, आणि आतला बेशुद्ध पडला तर आपण आत उडी मारायची नाही, बाहेरून मदत बोलवायची, हे त्याला माहीत आहे का? टाकीतल्या अपघातांत वाचवायला उतरलेलाही दगावतो, असं पुन्हा पुन्हा घडलेलं आहे.

जेवणाच्या सुट्टीनंतर काम पुन्हा सुरू होताना वायूची तपासणी पुन्हा करायची. शिफ्ट बदलली तर परमिट नव्या इनचार्जला जागेवर नेऊन सोपवायचं. यावरून कोणी तुम्हाला 'अडवणूक करतो' म्हणालं तर म्हणू द्या. इथे पहिला महिना थांबायची गरज नाही. पहिल्या दिवसापासून ताठ राहा.

बढतीमुळे कायद्याने माझी स्थिती बदलते का? युनियन, ओव्हरटाइम वगैरे?

बदलू शकते, आणि हे पत्रावर सही करण्याआधी समजून घ्यायला हवं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा माणूस 'कामगार' धरला जात नसे. सुपरवायझरचं काम करणारा आणि महिना १०,००० रुपयांहून जास्त वेतन घेणाराही त्यातून वगळलेला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये सुपरवायझरसाठी ही मर्यादा १८,००० रुपये आहे. या पट्ट्यातले बहुतेक सुपरवायझर त्या मर्यादेच्या वर असतात. म्हणजे कामगार म्हणून मिळणारं संरक्षण आणि वाद उपस्थित करण्याचे मार्ग तुमच्यासाठी बंद होऊ शकतात.

पण नुसत्या हुद्द्यावरून हे ठरत नाही. तुम्ही प्रत्यक्षात मुख्यतः कोणतं काम करता, हे न्यायालयं पाहतात. व्हिजिटिंग कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापून दिवसभर मशीनच चालवत असाल, तर मामला वेगळा. ओव्हरटाइम मिळणार की नाही, नोटीस पीरियड किती, युनियनचं सभासदत्व राहणार का, हे तिन्ही लेखी विचारून घ्या. कित्येकांच्या हाती बढतीनंतर ओव्हरटाइम बंद झाल्यामुळे आधीपेक्षा कमी पैसे येतात. हा हिशोब पेढे आणायच्या आधी करा.

पद वाढलं, पगार नाही वाढला. विचारलं तर वाईट दिसेल का?

मुळीच नाही. 'कधीपासून, किती, आणि तोवर हे पद तात्पुरतं आहे का?' असं सरळ विचारा. सहा महिन्यांची मुदत सांगितली तर ती मेलवर घ्या.

मी बाई आहे. पुरुष सहकाऱ्याने आवाज चढवला तर तो 'कडक', मी चढवला तर 'मॅडम चिडक्या'. यावर उपाय काय?

हा दुटप्पीपणा आहे आणि तो खरा आहे. तुमच्या मनाचे खेळ नाहीत. त्याचं ओझं एकट्या तुमच्यावर पडावं हे मला मान्य नाही, पण काही गोष्टी हातात आहेत. पुष्कळ निर्णय बाहेर चहाच्या टपरीवर होतात आणि तिथे तुम्ही नसता. तिथे जाऊन उभं राहायलाच हवं असं नाही. 'टपरीवर जे बोललात ते इथे पुन्हा मांडा, मग ठरवू' हा नियम करा आणि तो सहज आवाजात, दर वेळी पाळा. बोलताना कोणी मध्ये तोडलं तर 'माझं वाक्य पूर्ण करते' म्हणून पूर्ण करा.

टीममधली एखादी मुलगी गरोदर असल्याचं सांगेल. २६ आठवड्यांची प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने आहे. त्याआधीच 'तिला त्रास नको' म्हणून परस्पर प्रोजेक्टवरून काढू नका. तिला काय हवंय ते तिलाच विचारा.

आणि कोणी लैंगिक छळाची तक्रार घेऊन आलं, तर तुम्ही पुरुष असा वा बाई, मध्यस्थी करून मिटवू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते, आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लहान ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, खारघर-पनवेलला रायगड. ऐकून घ्या, समितीपर्यंत पोहोचवा आणि कुठेही वाच्यता करू नका.

माझं इंग्रजी कच्चं आहे. मोठ्या मीटिंगमध्ये शब्द सुचत नाहीत.

मीटिंगच्या आधी आपले तीन मुद्दे कागदावर लिहून काढा आणि शक्य तितके आधी बोला. मागे राहिलं की धीर सुटतो. वाक्यं लहान ठेवा, आकडे तोंडपाठ ठेवा. आपल्या कामाचे आकडे ज्याला पाठ असतात, त्याचं व्याकरण कोणी मोजत नाही. टीमशी मात्र ज्या भाषेत ते नीट समजतात त्या भाषेत बोला. इथल्या टीममध्ये मराठी, हिंदी, तमिळ, गुजराती सगळे असतात. चार मराठी माणसं जमली की आपण मराठीत विनोद करतो आणि पाचवा उगाच हसतो. त्याच्याकडे लक्ष असू द्या.

घरी गेलं तरी फोन सुटत नाही. बायको-मुलं वैतागली आहेत.

महाप्याहून घोडबंदर रोडला पोहोचेपर्यंत माणूस आधीच दमलेला असतो. त्यात जेवताना फोन वाजतो. घरी बसून ठरवा: कोणत्या वेळी फोन घेणार, कोणत्या वेळी नाही. टीमलाही सांगा की आग, अपघात, लाइन बंद असेल तर फोन करा, बाकी सकाळी. रात्री अकरा वाजता तुम्हाला काही सुचलं तर लिहून ठेवा, पाठवू नका. तुम्हाला तो साधा मेसेज वाटतो, तुमच्या टीमला तो हुकूम वाटतो आणि त्यांच्याही घरचं जेवण थांबतं.

सहा महिने झाले. झोप लागत नाही, सोमवार नकोसा होतो. परत जुन्या कामावर जाता येईल का?

आधी झोपेचं बघा. आठवड्यांमागून आठवडे झोप नाही, छातीत धडधड, घरच्यांवर चिडचिड असं असेल तर मदत घ्या. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था मानसिक आरोग्याचंच काम करते. तिथे जायला काही 'मोठं' झालेलं असावं लागत नाही.

मग परत जाण्याचा विचार. काही कंपन्यांत तांत्रिक तज्ज्ञाची वेगळी वाट असते, ज्यात माणसं न सांभाळता पद आणि पगार वाढतो. तुमच्याकडे आहे का ते विचारा. नसेल तरी वरिष्ठांशी बोला: कामातला कोणता भाग पेलत नाही? कधी कधी माणसं खूप जास्त असतात, कधी एकाच माणसाचा त्रास असतो, आणि तेवढं सुटलं की बाकीचं जमतं. हे सगळं करूनही नको वाटत असेल, तर उत्तम सेटर किंवा उत्तम डेव्हलपर म्हणून परत जाण्यात कसलाही कमीपणा नाही. घरी सांगणं अवघड जातं, विशेषतः सासरी-माहेरी पेढे वाटून झालेले असतात तेव्हा. तरी राजीनामा लिहिण्याआधी हा मार्ग विचारून पाहा.

हे सगळं शिकायला जवळपास कुठे सोय आहे?

सुरक्षेसाठी नॅशनल सेफ्टी कौन्सिलचं मुख्यालय सीबीडी बेलापूरलाच आहे. ४ मार्च १९६६ ला ती स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळतात. तिथे सुपरवायझरांसाठी प्रशिक्षण होतं. लघुउद्योगांत असाल तर वागळे इस्टेटमधली टिसा (ठाण्याच्या लघुउद्योजकांची संघटना) आणि रबाळ्याची ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन या संघटनांकडे चौकशी करा. नोकरी सांभाळून व्यवस्थापनाची पदवी घ्यायची असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. वाचायची आवड असेल तर १८९३ साली सुरू झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. वर्गाची फी स्वतः भरण्याआधी मनुष्यबळ विभागाला एकदा विचारा. बऱ्याच कंपन्यांत प्रशिक्षणाचं बजेट असतं आणि कोणी मागितलं नाही म्हणून ते मार्चअखेर तसंच पडून राहतं.